एकनळीची सोयरीक

"बंदूक आसा?"

सुभेदार गुणाजी दळवींनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी त्यांच्या मुलीला बघायला गेलो होतो. पगार किती, माड किती, आईचा स्वभाव कसा, या सगळ्यांची उत्तरं एसटीत बसून पाठ केली होती. बंदूक अभ्यासक्रमात नव्हती.

"नाय," मी म्हणालो.

"मगे काय आसा?"

"छडी आसा. शाळेत."

आतल्या दाराआड कोणीतरी फसकन हसलं. माझ्या शेजारी बसलेल्या बाबलमामाने मला कोपराने ढोसलं. हा माझा सख्खा मामा. बाजारात सुंभाचं दुकान चालवायचा आणि बोलायचा मात्र जन्म रानात गेल्यासारखं. आमच्या घरात बाप्या माणूस मी एकटाच, त्यामुळे सोयरिकीची बोलणी मामाच्या गळ्यात पडली होती. तो या कामावर बेहद्द खूश होता.

ही गोष्ट सहासष्ट सालची. मी अठ्ठावीस वर्षांचा, प्राथमिक शाळेत मास्तर. आमचं घर गावाच्या शेवटाला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. शेजार म्हणावा तर दोन फणस. जी काही बागायत होती तिच्यातले नारळ माकडं पाडत, खालचं सुरण डुकरं उकरत, आणि मागच्या पावसात बिबळ्याने आमचा मोत्या ओटीवरून उचलून नेला होता. ही शेवटची बातमी सुभेदारांपर्यंत पोचली होती.

"वाग ओटयेर येता," ते म्हणाले. आमच्याकडे बिबळ्यालाही वाघच म्हणतात. "तुमी दिसभर शाळेत. तुमची आवस म्हातारी. वाग इलो तर माझ्या चेडवान काय तेका पाडे शिकवूचे?"

"घेतली बंदूक!" मामाने मांडीवर थाप मारली. "त्यात काय मोठा! सुभेदारानू, तुमी बघीतच रवा. अशी दुनळी हाडतंव—"

"दुनळी नको." सुभेदारांचा आवाज एकदम खाली आला. "नीट ऐका. एका नळयेची. साधी. घोडो भायर दिसता ती. दुनळी घेतलास तर परत ह्या खळ्यात येव नका."

एवढं बोलून त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला आणि अडकित्त्याने सुपारी कातरायला घेतली. सुपारी कातरली, पान लावलं, विडा केला आणि तो शेजारी बसलेल्या धाकट्या भावाच्या हातात दिला. मला हे जरा नवल वाटलं. बायकोने तांब्या पुढे केल्याशिवाय पाणी न पिणारा हा माणूस, आणि धाकट्या भावाला विडा करून देतो! मग माझ्या लक्षात आलं. भावाची, दाजींची, सदऱ्याची डावी बाही कोपरापासून रिकामी होती. अडकित्त्याला दोन हात लागतात.

मामाच्याही ते लक्षात आलं. मामाला लक्षात आलेली गोष्ट पोटात ठेवायची सवय नव्हती.

"खंयच्या लढाईत गेलो हात?" त्याने आदराने विचारलं.

"जवळच्याच," दाजी म्हणाले आणि विडा गालात सरकवला.

मग इंदू पोहे घेऊन आली. सावळी, उंच, आणि ओठ घट्ट मिटलेले. मघाचं हसू तिचंच होतं हे त्या मिटलेल्या ओठांवरून कळत होतं. मी पोह्यांवर लक्ष ठेवलं. सुभेदारांनी होकार दिला नाही, नकारही नाही. बंदूक आली की बघू, एवढंच.

निघताना खळ्याचं, म्हणजे अंगणाचं, बांबूचं फाटक मी ओढून घेतलं. दहा पावलं गेलो, परत आलो, कडी लागली आहे ना बघितलं. पुन्हा दहा पावलं गेलो आणि पुन्हा आलो. ही माझी जन्माची खोड. घराचं कुलूप मी तीनदा ओढून बघतो, शाळेत हजेरी दोनदा घेतो, आणि पत्र पेटीत टाकल्यावर पेटीत हात घालून ते खरंच आत पडलं का ते चाचपतो. आई म्हणायची, हा लग्नात मंगळसूत्रही दोनदा घालेल.

तिसऱ्यांदा कडी चाचपून मान वर केली तर ओटीवर इंदू उभी. तिने सगळं बघितलं होतं. या वेळी ती उघड उघड हसली. त्या हसण्यापायी मी बंदूकच काय, तोफसुद्धा घेतली असती.

परवाना मिळायला पाच महिने गेले. मामलेदार कचेरीत मी इतक्या वेळा गेलो की तिथला शिपाई मला आपल्या घरचे निरोप सांगू लागला. शेवटी "शेतीसंरक्षण व स्वसंरक्षण" असा शेरा मारलेला कागद हातात पडला. तेवढ्यात मामाने एक बातमी काढून आणली. आमच्या आधी एका लाकडाच्या कंत्राटदाराचा मुलगा इंदूला बघून गेला होता. त्याच्याकडे चांगली बेल्जियमची दुनळी होती, तरी सुभेदारांनी त्याला नकार दिला होता.

"तो बंदूक घेवन गेलो होतो, आणि नकार?" मी विचारलं.

"तुका कळणा नाय, भिकू." माझं नाव भिकाजी. मामा ते नाव असं उच्चारायचा की समोरचा माणूस आपोआप खिसा चाचपायचा. "ही परीक्षा आसा. सुभेदार आमची ऐपत बघता. वरसून म्हणता एकनळी, आणि मनात आसा दुनळी. तू एकनळी घेवन गेलंस काय तो म्हणतलो, बघा, किती चिकट जावई!"

"आणि दुनळी नेली तर खळ्यात पाय ठेवूचो नाय म्हणालो, तेचा काय?"

"ता बोलण्याक असता," मामा म्हणाला.

कोल्हापूरला बंदुकीच्या दुकानात मी असा दोन मनांचा शिरलो. दुकानदार म्हातारा मिस्त्री होता, डोळ्याला घड्याळजीसारखं भिंग. त्याने परवाना वाचला, मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "राखणीला पायजे का शिकारीला?"

"दोन्हीला," मी म्हणालो.

"वाघाला," मामा म्हणाला.

मिस्त्रीने मामाकडे बघितलं नाही. याच गोष्टीने मला तो आवडला. त्याने आधी एक दुनळी काढून फळीवर ठेवली. काय सांगू, बघतच राहावं अशी वस्तू! दस्त्यावर नक्षी, दोन नळ्या निळसर काळ्या, आणि घोडे आतल्या आत लपवलेले. मी ती खांद्याला लावली. समोरच्या आरशात मला एक संस्थानिक दिसला. तो थोडा वाकलेला होता आणि त्याच्या नाकावर चष्मा होता, तरी संस्थानिकच.

"घेतलीच!" मामा ओरडला. "डुकर इलो, एक बार चुकलो, दुसरो तयार. वाग इलो—"

"मिस्त्री," मी विचारलं, "ह्याच्यात काडतूस आहे की नाही, ते बाहेरून कसं कळतं?"

"बाहेरून न्हाई कळत. उघडून बघायचं."

"आणि उघडून एक नळी बघितली, दुसरी बघायची राहिली तर?"

मिस्त्रीचा हात थांबला. त्याने भिंग काढलं. "आजवर हजारभर बंदुका विकल्या मी, मास्तर," तो म्हणाला. "गिऱ्हाईक विचारतंय मार किती लांब, नेम कसा, किंमत कमी करता का. हे कुणी इचारलं न्हवतं."

त्याने दुनळी उचलून आत ठेवली. मामा "अहो, अहो" करत राहिला. मिस्त्रीने खालच्या खणातून एक बंदूक काढली. एक नळी, नक्षी नाही, बाहेर एक घोडा, कोंबड्याच्या तुऱ्याएवढा. "ही घ्या. उघडली की आरपार दिसतंय. भरलेली का रिकामी, लहान पोरालासुद्धा कळंल. घोडा वर हाय का खाली, ते दहा हातांवरनं दिसतंय. एक बार काढला की उघडल्याशिवाय दुसरा न्हाई. राखणीला एवढीच लागती."

"आणि शिकारीक?" मामाने शेवटचा प्रयत्न केला.

"पहिला नेम बसला तर शिकार, न्हाई तर व्यायाम."

माप बघायला मी हात वाकवून दस्ता कोपराशी धरला. बोट चापापर्यंत बरोबर पोचलं. मनातून मात्र मी खट्टू होतो. आरशात या वेळी संस्थानिक नव्हता. बंदूक घेतलेला एक मास्तर होता.

परतीच्या एसटीत मामा घाट उतरेपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्याच्या आयुष्यातला हा विक्रम असावा. मी चार वेळा बंदुकीवर गुंडाळलेली घोंगडी सोडून ती उघडून बघितली. शेवटी कंडक्टर म्हणाला, "मास्तर, तिकीट बंदुकीचं काढलंय, खेळाचं नाही."

घरी फणसाजवळ मी पहिला बार काढला. खांद्याला असा काही दणका बसला की मी मागच्या आळ्यात बसलो. छर्रे एका फणसाला लागले. मी नेम दुसऱ्या झाडाला धरला होता. त्या फणसाची आईने भाजी केली आणि आम्ही दोघं शांतपणे छर्रे वेचत जेवलो.

पुढच्या रविवारी सुभेदारांनी बोलावलं. वाटेत मामाने मला शिकवणी दिली. "रुबाबात चल. खांद्यार घाल. आणि ता उघडून बघणा आजच्या दिवस बंद कर. बंदुकीक भियेता तेका कोण चेडू दिता?"

मी कबूल केलं. एसटीतून उतरल्यावर एकदा उघडली, पण ती मामाची पाठ असताना. ओढ्यापाशी एकदा. सुभेदारांच्या फाटकात एकदा, आणि तेव्हा ओटीवरून सगळे बघत होते.

"हाड बघूया," सुभेदार म्हणाले.

मी बंदूक उघडली, नळीतून आभाळ बघितलं, करंगळी घालून चाचपलं, आणि उघडीच त्यांच्या हातात दिली. मामाने डोळे मिटले. सुभेदारांनी खटकन ती बंद केली, घोडा ओढून सोडून बघितला, खांद्याला लावली आणि बंदच माझ्या हातात परत दिली.

मी ती पुन्हा उघडली. हात ऐकेनात, त्याला मी काय करू!

"आत्ता माझ्या हातात होती," सुभेदार म्हणाले. "मी काय त्यात काडतूस घातलंय?"

"नाय," मी म्हणालो.

"मगे?"

मला छान उत्तर सुचायला हवं होतं. "भय वाटता," मी म्हणालो.

मामाचा चेहरा बघून मला कळलं की सोयरीक मोडली. दाजी मात्र आपल्या एका हाताकडे बघत होते. सुभेदार उठले. "चला, बाग दाखयतंय," ते म्हणाले. मी बंदूक उघडी करून भिंतीच्या कोपऱ्यात टेकवून ठेवली आणि त्यांच्यामागून निघालो. अर्ध्या वाटेत ते चंची विसरली म्हणून घरात जाऊन आले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी पोफळी बघत होतो आणि इंदू आता कोणाच्या घरी जाईल याचा विचार करत होतो.

परत आलो तर चहा मांडलेला. इंदू कपबश्या देत होती. आपली बाजू सावरण्याची ही शेवटची संधी हे मामाने ओळखलं असावं. तो उठला आणि त्याने कोपऱ्यातली बंदूक उचलली.

"भिकू नवो आसा, सुभेदारानू," तो म्हणाला. "शिकात. आमच्या घराण्यात शिकार आसा. एकदा मी असो उभो, आणि डुकर हयसून असो इलो—" आणि नळी ओटीवरून फिरू लागली. दाजींवरून गेली, चहाच्या किटलीवरून गेली, इंदूपाशी आली. मामाच्या अंगठ्याने घोडा मागे ओढला.

माझी नजर बंदुकीवर गेली. मी ती उघडी ठेवली होती. आता ती बंद होती.

"मामा!" मी आयुष्यात एवढ्या मोठ्याने ओरडलो नव्हतो. वर्गातसुद्धा नाही. कपबशीवरून उडी मारून मी नळी छपराकडे ढकलली. मामा म्हणत होता, "अरे, रिकामी आसा!" मी ती त्याच्या हातून हिसकावली, अंगठ्याने धरून घोडा हळू खाली सोडला आणि बंदूक उघडली.

लाल काडतूस बाहेर आलं, शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडलं आणि गडगडत इंदूच्या पायाशी जाऊन थांबलं.

मामा मटकन खाली बसला. पानाच्या डब्यावर बसला, पण ते त्याला बराच वेळ कळलं नाही.

"हेच्यात ह्या कोणी घातल्यान?" मी विचारलं.

"मी," सुभेदार म्हणाले.

मी मवाळ माणूस. पण त्या क्षणी माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. "तुमचा चेडू समोर उभा होता!" मी सुभेदारांवर ओरडलो, सुभेदारांवर! "तुमी लढाय बघितलेलो माणूस, तुमका लाज नाय वाटली? भरलेली बंदूक घरात ठेवतास? माका नको तुमची सोयरीक. मामा, उठ!"

मामाला उठता येत नव्हतं. सुभेदार शांतपणे वाकले. त्यांनी काडतूस उचललं, चाकूने त्याचं तोंड कापलं आणि माझ्या हातावर उपडं केलं. भाताचा कोंडा पडला. नुसता कोंडा. त्यांनी बुड दाखवलं, तिथली बार पेटवणारी टोपीही आधीच फुटलेली होती.

"त्या कंत्राटदाराच्या झिलाच्या दुनळयेतय असाच घातलेलंय, तेना न बघताच चाप ओढल्यान," ते म्हणाले. "ह्याच ओटयेर. माझ्या कुत्र्यार नेम धरून. तो 'रिकामी आसा' म्हणालो आणि हसलो." तोंड फिरवून ते इंदूला म्हणाले, "इंदू, मास्तरांका साखर दी."

साखर म्हणजे काय, ते मला कळायला जरा वेळ लागला. तोवर इंदू वाटी घेऊन समोर उभी होती. मी चिमूट उचलली, हातात अजून कोंडा होता, आणि दोन्ही एकदम तोंडात टाकलं. मला कोंड्याची चव आजही आठवते. गोड होती.

निघताना दाजी आम्हाला एसटीपर्यंत पोचवायला आले. मामा पुढे पुढे चालत होता, अजून कोणाशी बोलण्याच्या स्थितीत नव्हता. बंदूक दाजींनी आपल्या एका हातात घेतली होती, उघडी.

"तुमच्या मामान विचारल्यान ना, खंयच्या लढाईत गेलो हात," दाजी म्हणाले. "दादा रजेर इलो होतो. गावपारधीसून परत इलो, डुकर मारून, खुशीत. दुनळी होती तेची. ह्याच खळ्यात माझ्या हातात दिल्यान. 'भितर ठेव रे, रिकामी आसा.' दादा खोटा नाय बोललो. एक नळी रिकामीच होती."

मी त्यांच्या रिकाम्या बाहीकडे बघितलं.

"मी नळयेक धरून घेतलंय," दाजी म्हणाले. "अकरा वर्सां झाली. माका तेचा काय वाटणा नाय आता. दादाक वाटता. अकरा वर्सां सुपारी कातरून दिता माका. एक दिस चुकलो नाय. आजारी पडलो तरी हातरुणात बसून कातरता. मी म्हणतंय, वैनी कातरात, इंदू कातरात. आयकणा नाय." एसटी आली. दाजींनी बंदूक माझ्या हातात दिली. मी ती बघितली, करंगळी घातली, मग बंद केली. दाजी हसले. "आमका असोच भियेणारो जावई होयो होतो," ते म्हणाले.

वैशाखात आमचं लग्न झालं. त्या बंदुकीने पुढे फारसा पराक्रम केला नाही. माकडं आवाजाला दोन वर्षांत सरावली. डुकरं कधी कधी पळाली, वाघ परत आला नाही. इंदू माझ्यापेक्षा चांगला नेम धरायची हे इथे सांगून टाकतो, नाहीतर ती हे वाचून चुका काढील. बंदूक ठेवताना ती उघडून बघायची, मग मी उघडून बघायचो, आणि त्यावरून आमचं एकदाही भांडण झालं नाही. बाकी सगळ्यावरून झालं.

सुभेदार गेले तेव्हा आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. बाराव्याला ओटी माणसांनी भरलेली. जेवणं उरकली, पानं फिरली. दाजी आपल्या नेहमीच्या जागी बसले होते. शेजारची जागा कोणी घेतली नव्हती. समोर तोच डबा होता, मामाच्या वजनाने झाकण वाकडं झालेला. आत अख्ख्या सुपाऱ्या होत्या. दाजींनी त्यातली एक उचलली, बोटांत फिरवली आणि परत ठेवली.

मला रडू येत होतं. मी त्या मोकळ्या जागेवर जाऊन बसलो. अडकित्ता उचलला, उघडला, आणि सवयीने दोन्ही पात्यांमध्ये वाकून बघितलं.

"रिकामो आसा, मास्तरानू," दाजी म्हणाले. "कातरा."